माय मदर टंग इज...

जून महिना, नुकताच सुरू झालेला पाऊस आणि आठवीचा इंग्रजीचा पहिला तास. आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात या तासाची रीत ठरलेली. एकेकाने उठायचं आणि इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायची. 'मायसेल्फ संतोष. माय फादर नेम इज...' बाकामागून बाक तीच चार वाक्यं, फक्त नाव बदलायचं. तिसऱ्या मुलानंतर कुणी ऐकत नसे. खरं सांगायचं तर मीसुद्धा हजेरीपट भरत बसायची.

२००९ साली ठरवलं, निदान वाक्यं तरी शुद्ध होऊ देत. 'मायसेल्फ' बंद, 'आय ॲम' सुरू. फळ्यावर पाच वाक्यं लिहिली, रिकाम्या जागा सोडल्या. पाचवं वाक्य होतं, 'माय मदर टंग इज...'

खिडकीजवळची एक मुलगी चार वाक्यं खणखणीत बोलली आणि पाचव्याशी अडली.

"मराठी म्हण की गं," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"तिची आई कन्नड बोलत्ये," दुसरी म्हणाली. वर्ग हसला.

अजून वीस मुलं राहिली होती. "दाखल्यावर असेल ते सांग," मी म्हणाले. ती 'मराठी' म्हणाली आणि बसली. तासभर तिने मान वर केली नाही.

घरी आल्यावर ते मला लागून राहिलं. माझी आई गोकाककडची. ती आम्हाला 'ऊटा माड बा' म्हणून हाक मारायची आणि बाबा 'चला, जेवून घ्या' म्हणायचे. दोन्ही हाका एकाच ताटाकडे नेणाऱ्या! लहानपणी मला कुणी हा प्रश्न विचारला असता, तर मीही अशीच अडले असते. आपल्या धारवाडात घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्रे यांनी कन्नडमध्ये कविता लिहिली आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवला. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत आणि कथा मराठीत लिहीत. या माणसांची ओळख माझ्या त्या एका रिकाम्या जागेत कशी मावली असती?

दुसऱ्या दिवशी फळा कोरा ठेवला. दोघादोघांच्या जोड्या लावल्या. पाच मिनिटं एकमेकांना प्रश्न विचारायचे आणि मग स्वतःची नाही, जोडीदाराची ओळख करून द्यायची. स्वतःबद्दल बोलताना लाजणारी मुलं मित्राबद्दल भडाभडा बोलू लागली. 'ही लिव्ह्ज, शी लाइक्स' यातला तो विसरला जाणारा 'एस'ही आपोआप घोटला गेला.

मग एक दिवस दोन खऱ्या गोष्टी आणि एक खोटी सांगायचा खेळ घेतला. खोटी कुठली ते ओळखायला वर्गाने प्रश्न विचारायचे. 'कॅन यू स्विम? हू टॉट यू?' जे मला वर्षभर शिकवून जमत नव्हतं, ते प्रश्न विचारणं मुलं तासाभरात करू लागली. समोरच्याचं उत्तर खरोखर माहीत नसलं की विचारावंसं वाटतं, एवढंच त्यातलं गुपित. आणखी एकदा प्रत्येकाने आपलं नाव कुणी आणि का ठेवलं ते सांगितलं. त्यासाठी मुलांना घरी आजीला विचारावं लागलं, हे विशेष.

शेवटी सांगितलं, घरातली एक वस्तू पिशवीत लपवून आणा आणि तिच्याबद्दल तीन वाक्यं बोला. खिडकीजवळच्या त्या मुलीने फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी आणली होती. ती वर धरून म्हणाली, "माय मदर से रोट्टी. माय फादर से भाकरी. आय से, गिव्ह मी वन मोर!"

वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी तीही हसत होती. 'से' नव्हे, 'सेज' हवं होतं. मी तेव्हा टोकलं नाही. बोलणाऱ्याला मध्येच अडवलं की तो पुढच्या वेळी उठतच नाही. ती चूक दुसऱ्या दिवशी सगळ्यांकडून फळ्यावर दुरुस्त करून घेतली, कुणाचं नाव न घेता.

आता मी निवृत्त आहे. मुलाचं इंग्रजी कच्चं आहे, घरी इंग्रजीतच बोलावं का, असं पालक विचारतात. मी सांगते, घरात आहेत त्या दोन्ही भाषा भरपूर बोला. रविवारी नातवंडांना अज्जीची मुलाखत घ्यायला लावा, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये. मग तीच हकिकत त्यांनी तुम्हाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू दे. सांगण्यासारखं काही असलं की शब्द शोधायची धडपड मूल आपण होऊन करतं.

त्या मुलीची मात्र मी माफी मागायची राहिले. हा अंक तिच्या घरी जात असेल, तर एवढं वाचावं.