सामना पाहू द्यावा का?

"डॉक्टर, रविवारी अंतिम सामना आहे. बाबांना पाहू द्यावा का?" मार्च २०२२ मध्ये एका वृद्ध रुग्णाच्या सूनबाईंनी मला हा प्रश्न विचारला. उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण सहा वर्षांपूर्वी त्याच घरात मी फुटबॉलवर बंदी घातली होती.

२० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. ८७व्या मिनिटाला एफसी गोवा संघाने २-१ अशी आघाडी घेतली. ९०व्या मिनिटाला चेंडू अडवण्याच्या धडपडीत गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीकडूनच स्वयंगोल झाला आणि भरपाई वेळेत मेंडोझाने चेन्नईयिनला ३-२ असा विजय मिळवून दिला. तो सामना दूरचित्रवाणीवर पाहताना या गृहस्थांच्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी आधीच झालेली होती. तपासण्यांत हृदयविकाराचा नवा झटका आढळला नाही, तरी मी निक्षून सांगितले, "यापुढे फुटबॉल बंद."

माझी भीती निराधार नव्हती. २००६च्या विश्वचषकाच्या वेळी म्युनिक परिसरात झालेल्या अभ्यासात, जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना अडीच पटींहून अधिक वाढल्याचे दिसले होते. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक होता.

पण माझ्या बंदीचा दुसरा परिणाम मी ध्यानात घेतला नव्हता. हे गृहस्थ रोज संध्याकाळी दोन जुन्या मित्रांबरोबर फिरायला जात आणि परतताना बाकावर बसून फुटबॉलवर वाद घालत. साळगावकर श्रेष्ठ की धेंपो, ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक पुन्हा होईल का, हे त्यांचे ठरलेले विषय. सामनेच पाहायचे नाहीत म्हटल्यावर त्यांना त्या गप्पांत बोलण्यासारखे काही उरेना. हळूहळू त्यांनी बाकावर जाणे सोडले आणि त्याबरोबर फिरणेही सुटले. वजन वाढले, साखर वाढली, झोप उडाली. मी औषधांच्या मात्रा वाढवत राहिलो. संध्याकाळ कशी जाते, हे मात्र कधी विचारले नाही.

त्या हंगामात एफसी गोवा बाद फेरीत पोहोचला नव्हता. अंतिम लढत हैदराबाद आणि केरला ब्लास्टर्स यांच्यात, पुन्हा फातोर्ड्यालाच होती. "मग बाबांना त्यात एवढा रस कशाला?" मी विचारले. सूनबाई म्हणाल्या, "हैदराबादच्या गोलात कट्टीमणी आहे ना!"

मी नव्याने तपासणी केली. रक्तदाब आटोक्यात होता, गेल्या कित्येक महिन्यांत छातीत दुखले नव्हते. मी होकार दिला, पण काही अटींवर. एकट्याने पाहायचे नाही. संध्याकाळच्या गोळ्या सामन्याआधी घ्यायच्या. सामना साडेसातला सुरू होऊन जादा वेळेत रेंगाळू शकतो, म्हणून इन्सुलिन आणि जेवणाची वेळ चुकवायची नाही. तंबाखू आणि मद्य वर्ज्य. मन फार बेचैन झाले, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचे. छातीवर दाब, दरदरून घाम, धाप, किंवा हात-जबड्यात कळ जाणवली, तर निकालाची वाट न पाहता १०८ला फोन करायचा.

२० मार्चला दोन्ही मित्र घरी आले. ६८व्या मिनिटाला राहुल के. पी.ने केरलाला आघाडी दिली. ८८व्या मिनिटाला गोव्याच्याच साहिल तावोराने दुरून जोरदार फटका मारून बरोबरी साधली. निर्णय पेनल्टींवर गेला तेव्हा आमचे गृहस्थ उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच ओरडून निकाल विचारत राहिले. कट्टीमणीने लेस्कोविचचा फटका अडवला. निशू कुमारचा अडवला; पंचांनी तो पुन्हा घ्यायला लावला, तोही अडवला. मग जीक्सनचाही. हैदराबाद ३-१ ने विजयी.

सोमवारी संध्याकाळी मी रक्तदाब तपासायला गेलो, तर दिवाणखान्यात तिघांचा कोकणीतून वाद रंगला होता. एकाच्या मते खरा नायक तावोरा, कारण त्याच्या गोलाशिवाय पेनल्टीची वेळच आली नसती. दुसरा म्हणत होता, केरलाच्या खेळाडूंनी फटकेच कमकुवत मारले. आमचे गृहस्थ कट्टीमणीची बाजू लढवत होते. "याच मैदानावर तो चुकला होता. सहा वर्षं मी त्याला नावं ठेवली. तरी तो पुन्हा त्याच मैदानावर गोलात उभा राहिला, हे तुम्ही धरतच नाही!"

मी पट्टा बांधला. रक्तदाब १३८/८२ होता.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा बाकावर जाऊ लागले. पहिल्या आठवड्यात अर्ध्या वाटेवर थांबावे लागे. महिन्याभराने पूर्ण फेरी होऊ लागली.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या, किंवा विश्रांतीतही छातीत दुखणाऱ्या रुग्णांना मी आजही असा सामना पाहू देत नाही. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या डॉक्टरांनी तपासूनच घ्यावा. पण घरातल्या वडीलधाऱ्यांची एखादी आवड बंद करण्याआधी, त्या आवडीबरोबर आणखी काय काय बंद होणार आहे, हे त्यांनाच विचारावे. मी ते विचारले नव्हते.