ठाऊक असलेलंच पुन्हा

मोबाइलवर बोलताना वाटतं, टॉवरकडून येतो तो सगळा आपलाच मजकूर. तसं नसतं. फोर-जीमध्ये दर ८४ जागांपैकी ४ जागा, तेही एकाच अँटेनासाठी, फोनला आधीच ठाऊक असलेल्या संकेतांना दिलेल्या असतात. त्यांना पायलट म्हणतात. त्यांत नवी माहिती काहीच नाही. मी हा विषय शिकवतो, दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, ही जागा वायाच जाते ना?"

नाही जात. फोनपुढे दोन अडचणी असतात. पहिली, ताल जुळवण्याची. फोनमधला स्फटिक दहा लाखांत एक भाग जरी चुकला, तरी १८०० मेगाहर्ट्झवर १८०० हर्ट्झची तफावत पडते. फोर-जीच्या उपलहरी एकमेकींपासून अवघ्या १५ किलोहर्ट्झवर असतात. एवढ्या तफावतीनं त्या एकमेकींत मिसळू लागतात. म्हणून टॉवर दर ५ मिलिसेकंदांनी एक ओळखीची खूण पाठवतो आणि फोन तिच्यावरून आपलं घड्याळ लावून घेतो.

दुसरी अडचण वाटेची. लहर सरळ येते, भिंतीवर आपटून येते, डोंगरावरून परतून येते. या साऱ्यांची बेरीज होऊन कुठे जोर वाढतो, कुठे लहरी एकमेकींना मारून टाकतात. पायलट काय पाठवला ते ठाऊक, हाती काय आलं तेही ठाऊक. दोन्ही ताडून पाहिलं की वाटेनं काय बिघडवलं ते कळतं, आणि तोच बिघाड शेजारच्या अनोळखी मजकुरातून काढून टाकता येतो. धावत्या गाडीत वाट क्षणोक्षणी बदलते, म्हणून एकदा मोजून भागत नाही. पायलट पुन्हा पुन्हा पेरावे लागतात.

आमची अम्मी गावाहून रोज रात्री फोन करते. "जेवलास का रे? पोरं झोपली? पाऊस आहे का तिकडे?" बारा वर्षं हेच तीन प्रश्न, याच क्रमानं. धाकटा भाऊ वैतागतो, "अम्मी, दुसरं काहीतरी बोल ना."

गेल्या पावसाळ्यात "जेवलास" आणि "का रे" यांच्यामध्ये तिनं श्वास घेतला. एरवी घेत नाही. बाकी सगळं ठीक असल्याचं तिनं सांगितलं. मी पहाटेची एसटी धरली. दमा उसळला होता. दोन रात्री ती बसून काढत होती, शेजारणीलाही कळू दिलं नव्हतं.

आता भाऊ तिचे तिन्ही प्रश्न पुरते ऐकून घेतो.