कुत्र्याच्या गळ्यातली दोरी

कुत्रा इमानी प्राणी आहे हे आपण पहिलीपासून निबंधात लिहीत आलो आहोत. आमच्याही घरी एक आहे. नाव वाघ्या. जात गावठी, पण राखणीला पक्का. आज मात्र मला लिहायचे आहे ते त्याच्या गळ्यातल्या दोरीविषयी.

आपला भुदरगड तालुका डोंगराळ. गारगोटीहून वेदगंगेच्या कडेने पाटगावकडे गेले की दाट रान लागते. तालुक्यातल्या रानाचा काही भाग २०२१ सालापासून ‘आजरा-भुदरगड संवर्धन राखीव’ म्हणून जपला जातो. त्याचे क्षेत्र सुमारे २३८ चौरस किलोमीटर आहे. शेजारी राधानगरीचे अभयारण्य. ते १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी सुरू झाले. गवा, अस्वल, बिबट्या, भेकर, शेकरू ही सारी मंडळी या डोंगरांत नांदतात. ते त्यांचे घर आहे. आपण तिथले पाहुणे.

माझ्या मामाचे गाव पाटगावच्या बाजूला आहे. गेल्या दिवाळीत पुण्याहून मावसभाऊ आला होता. त्याच्याबरोबर त्याचा लॅब्रॅडॉर कुत्रा होता. सकाळी आम्ही रानाकडे फिरायला निघालो. दादा म्हणाला, “इथं गाड्या नाहीत, गर्दी नाही. सोडूया की याला. शहरात बिचारा कायम बांधलेलाच असतो.”

दादाचे म्हणणे काही खोटे नव्हते. पण आजोबांनी दोरी घट्ट धरली. म्हणाले, “न्हाई सोडायचं. गवा दिसला की कुत्रं भुंकतंय. गवा अंगावर आला की पळतंय ते सरळ मालकाकडं. मग गवा कुणाच्या मागं येणार?”

दादाने विचारले, “मग धनगरांची कुत्री मोकळी कशी?”

“ती कामाला असत्यात. बकऱ्यांची कड सोडत न्हाईत. तुझं हे मजेला आलंय.”

दादा रुसला. तेव्हा आजोबांनी त्याला गोठ्यात नेले. तिथे मेढीला एक गंजलेली साखळी आहे. ती खंड्याची. तीन वर्षांपूर्वी खंड्या संध्याकाळी कसल्या तरी चाहुलीने रानात घुसला, तो परत आलाच नाही. बिबट्याला कुत्रा म्हणजे आवडीचा घास. मामा साखळी काढतो म्हणतो, पण आजोबा काढू देत नाहीत. त्यानंतर दादाने दोरीचे नाव काढले नाही. दुपारी आम्ही भात कापलेल्या आमच्या वावरात त्याचा कुत्रा सोडला. जीभ बाहेर येईपर्यंत तो धावला.

शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना हे सारे सांगितले. गुरुजी म्हणाले, कुत्र्याने भेकराला पकडलेच पाहिजे असे नाही. नुसता पाठलाग केला तरी पाडस आईपासून चुकते. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. कुत्र्याच्या भीतीने ती उठली की अंडी उन्हात पडतात. शिवाय कुत्र्यांचे रोग रानात जातात. २०१८ साली गुजरातेत गीरच्या जंगलात थोड्याच दिवसांत २३ सिंह मेले. त्यांतल्या काहींना डिस्टेंपर झाला होता. हा रोग कुत्र्यांना होतो, तसाच आपल्या रानातल्या कोळसुंद्यांनाही होऊ शकतो. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणे नव्हे. रानच्या प्राण्याला हुसकून पळवणे हेसुद्धा शिकारच धरले आहे.

माझी आजी म्हणते, “मुक्या जिवाला बांधून ठेवणं पाप.” तिचेही खरे आहे. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा चिडका होतो. त्याला पळायला हवेच. पण त्यासाठी आपले वावर आहे, खळे आहे. रानाच्या वाटेवर मात्र दोरी हवी. ती त्याला शिक्षा नसते. तो घरी परत यावा म्हणून ती असते.

मित्रांनो, तुमच्याकडे कुत्रा असेल तर त्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. रानात नेताना दोरी हातात ठेवा. आणि सुट्टीत शहरातून पाहुणे आले, तर त्यांनाही हे गोडीने सांगा.

– इयत्ता सातवी