पारावर सांगितलेला सिनेमा

चित्रपटाविषयीचे मत म्हणजे केवळ आवडनिवडीचे विधान, असे सामान्यतः मानले जाते. परंतु एखाद्या रसिकाची आवड आणि त्याची निराशा कोणत्या निकषावर उभी आहे याचा शोध घेतला, तर त्या निकषामागचा समाजही दिसू लागतो. जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी हे गाव आहे. तेथील एक वयोवृद्ध चित्रपटवेडा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. सिनेमावर त्याने कधी एक ओळ लिहिली नाही. तो सिनेमा सांगत आला.

आधी जत्रेतल्या तंबूत, पुढे शहरातल्या चित्रपटगृहात जे पाहिले, ते दुसऱ्या दिवशी पारावर सांगायचे, हा त्याचा तरुणपणापासूनचा परिपाठ. सांगताना पडद्यावरची बोली गळून पडे. मराठी चित्रपटाची बरीचशी जडणघडण कोल्हापुरात झाली. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तेथली. १९२९ साली ‘प्रभात’ स्थापन झाली तीही तेथेच. त्यामुळे पडद्यावरचा खेडूत कुठलाही असो, तो बहुधा पंचगंगेकाठचेच बोले. टेंभुर्णीच्या पारावर मात्र ‘माझ्या’चे ‘मह्या’ होई, ‘तुझ्या’चे ‘तुह्या’ होई. या भाषांतरातूनच त्याचा निकष तयार झाला : आपल्या बोलीत सांगितल्यावरही जो शिल्लक उरतो, तो चित्रपट खरा.

या कसोटीला ‘संत तुकाराम’ (१९३६) पूर्ण उतरला. वैकुंठाला नेणाऱ्या विमानाचे त्याला फारसे कौतुक नव्हते. त्याच्या सांगण्यात खरी नायिका जिजाई. वैकुंठाचे बोलावणे आले तरी जिचा पाय संसारातून निघत नाही, ती बाई त्याच्या श्रोत्यांना परकी वाटली नाही. ‘श्यामची आई’ (१९५३) कोकणातली, पण पारावर आली की शेजारच्या आळीतली होऊन जाई. जब्बार पटेलांच्या ‘सामना’तील (१९७५) साखरसम्राटाचे वैभव टेंभुर्णीला अनोळखी होते, गाव ज्याच्या धाकाने गप्प बसते तो माणूस मात्र अनोळखी नव्हता. भयाला भाषांतर लागत नाही, असे तो म्हणे.

त्याची मोठी निराशा ‘पिंजरा’ (१९७२). त्याची गाणी आणि श्रीराम लागूंचा अभिनय त्याला मान्य. पण लावणी वगळून गोष्ट सांगू गेले की गाव उरत नाही, ही त्याची तक्रार. त्या गावात कोणाला कर्ज असल्याचे जाणवत नाही, कोणाला जात असल्याचे जाणवत नाही. मग मास्तरच्या अधःपतनाने तेथे नेमके कोणाचे काय बिघडले, असे तो विचारी.

‘माहेरची साडी’ (१९९१) त्याने अशीच निकालात काढली होती. सांगण्याजोगे काही नाही, असे तो घरी म्हणाला, तेव्हा पत्नीने उत्तर दिले : “तुम्ही पारावर सांगता, आम्ही तिथं कधी बसतो?” त्याच्या घरातल्या आणि शेजारच्या बायकांनी ती गोष्ट ओट्यावर, निंदणीच्या पातीवर एकमेकींना केव्हाच सांगून टाकली होती, आणि प्रत्येकीने तीत आपापल्या लेकीचे नाव घातले होते. चित्रपटाविषयीचे आपले मत त्याने बदलले नाही. परंतु ‘शिल्लक उरणे’ हे कोणापाशी उरणे, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या मनात राहिला.

तो पुन्हा उभा राहिला ‘फँड्री’ने. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१४ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. डुकरामागे धावणारे जब्याचे कुटुंब, शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच त्यांचे जागच्या जागी उभे राहणे, कडेला जमून हसणारे गाव, हे सारे त्याने नेहमीच्या हातोटीने सांगितले. डुकराच्या पाठलागाशी पारावरचे लोक हसलेही. चित्रपटगृहात त्याच जागी आपणही हसलो होतो, हे त्याला सांगता सांगता आठवले. शेवटी जब्या दगड उचलून भिरकावतो, येथवर तो आला आणि थांबला.

“मंग? लागला कोणाला?” कोणीतरी विचारले.

पडद्यावर तो दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. समोर बसलेल्यांना हे कसे सांगावे, हे त्याला कळेना. पारावर कोण येऊन बसते आणि कोण नुसतेच वाटेने पुढे जाते, हे तो आयुष्यभर पाहत आला होता. सिनेमाशी त्याचा संबंध त्याने कधी जोडला नव्हता. विचारणाऱ्याला त्याने उत्तर दिले नाही.

कथनाला न पुरणारा चित्रपट फसलेला, असे त्याचे गणित होते. येथे मात्र फसले ते कथन. आवडत्या चित्रपटांच्या यादीत आज तो ‘फँड्री’ला पहिला मान देतो, आणि शेवटापर्यंत कधीच न सांगितलेला त्याचा हा एकमेव चित्रपट आहे.