पौष पौर्णिमा, विशाखापट्टणम

शाळांच्या जुन्या नोंदवह्या चाळणाऱ्यास वाटावे की, निम्म्या पिढीचा जन्म १ जून याच दिवशी झाला असावा. जन्मतारीख ठाऊक नसली की मास्तरांनी ही सोयीची तारीख लिहून टाकावी, असा त्या काळचा रिवाज होता. आमच्या सौभाग्यवतीही सरकारदरबारी १ जूनच्याच. त्यांच्या मातोश्रींना मात्र तिथी पक्की ठाऊक होती : पौष पौर्णिमा, शाकंभरी नवरात्राच्या समाप्तीचा दिवस. यंदा त्या तिथीस सौ.ची पन्नाशी पूर्ण झाली आणि शनिवारही जुळून आला. एका किरकोळ रजेत भागणार होते. आम्ही हैदराबादहून विशाखापट्टणमची दोन तिकिटे काढली.

दोनच तिकिटे, हे मुद्दाम नमूद करावयास हवे. आमच्या मातोश्री अकरा वर्षे अंथरुणास खिळून होत्या. दीड वर्षापूर्वी त्यांनी देह ठेवला. त्या अकरा वर्षांत आम्ही उभयतांनी घराबाहेर एक रात्रही एकत्र काढली नव्हती. लग्नकार्यास एकाने जावयाचे, दुसऱ्याने घरी राहावयाचे. त्यापूर्वीचे प्रवास म्हणजे शाळेच्या सहली, नाही तर आईंना घेऊन पंढरपूर-तुळजापूर. कोणाचेही काही करावयाचे नसताना केवळ दोघांनी निघणे आम्हांस अपरिचितच होते. सौ.नी पिशवीत सवयीने गरम पाण्याची रबरी पिशवीही भरली होती. आम्ही ती पाहिली आणि काही बोललो नाही.

गाडीचे नाव गोदावरी एक्स्प्रेस. सौ.चे माहेर नांदेडचे, तेव्हा हे नावही माहेरचेच. मध्यरात्र उलटल्यावर राजमहेंद्रीचा पूल आला. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली, पैठण-नांदेडचे घाट धूत आलेली ती नदी येथे एवढी विस्तारली आहे की, पुलाची लांबी पावणेतीन किलोमीटर भरते. सौ. खिडकीशी उठून बसल्या होत्या. ‘आमच्या घाटावर हिला ओळखलं असतं का कोणी?’ एवढेच त्या म्हणाल्या. पुढे नदीचे फाटे होऊन ती बंगालच्या उपसागरास मिळते. आम्ही त्याच उपसागराच्या काठी, परंतु बरेच उत्तरेस, चाललो होतो.

विशाखापट्टणम हे शहर डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या फटीत वसले आहे. दक्षिणेस समुद्रात घुसलेल्या कड्यास इंग्रजांनी ‘डॉल्फिन्स नोज’ असे नाव दिले. त्याच्याच आडोशाने १९३३ साली येथील बंदर सुरू झाले. बंदरावर नजर ठेवणाऱ्या तीन टेकड्यांवर एक मंदिर, एक दर्गा आणि एक चर्च शेजारधर्माने उभी आहेत. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळाने या शहराची असंख्य झाडे उन्मळून टाकली. त्या दिवसाची गोष्ट आम्हांस रिक्षावाल्याने न विचारता सांगितली. आमचे तेलुगू ऐकून त्याने दुसऱ्याच वाक्याला ‘हैदराबादचे का?’ असे विचारले. आमच्या तेलुगूत उर्दू शब्दांची जी सढळ पेरणी असते, ती किनारपट्टीवर लगेच उघडी पडते.

रामकृष्ण मिशनच्या आश्रमावरून नाव पडलेल्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही पाणबुडी वाळूत आणून ठेवली आहे. १९६९ मध्ये नौदलात दाखल झालेली ही पाणबुडी १९७१ च्या युद्धात होती. २००१ मध्ये निवृत्त होऊन पुढील वर्षी संग्रहालय झाली. लांबी सुमारे ९१ मीटर, परंतु आतील वाट एवढी अरुंद की समोरून कोणी आल्यास अंग चोरावे लागते. आम्ही तारखा व यंत्रे पाहत होतो. सौ. स्वयंपाकाच्या कोपऱ्याशी थबकल्या. ‘एवढ्याशा जागेत सत्तर माणसांचं रांधायचं, आणि वर खिडकीसुद्धा नाही!’ माहिती देणाऱ्या गृहस्थांना हा शेरा फार आवडला.

सायंकाळी वाळूत बसून मुरी मिक्श्चर खाल्ले. ही आपल्या भेळेची बहीण. चिंचेची चटणी मात्र हिच्या वाट्याला आलेली नाही. कोकणचा किनारा पाहिलेल्या माणसास येथे दिशा उलटी वाटते. सूर्य पाठीमागे डोंगराआड जातो आणि समोरचे पाणी आधीच काळवंडू लागते. सौ.नी घड्याळ पाहिले. ‘सहा वाजले,’ त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात पिशवीकडे गेला. सहाची गोळी, मग अर्ध्या तासाने पेज. अकरा वर्षांचा हा क्रम दीड वर्षात हातातून जात नाही. आम्हीही त्याच क्षणी उठू पाहत होतो, हे त्यांच्या ध्यानी आले असावे.

तेवढ्यात समुद्रातून चंद्र वर आला. पश्चिम किनाऱ्यावर पौर्णिमेचा चंद्र डोंगरामागून येतो. येथे तो थेट पाण्यातून, प्रथम मळकट तांबडा, मग पितळेसारखा निघतो. ‘आईंना दाखवायला हवा होता,’ सौ. म्हणाल्या. त्या रडल्या, आणि आम्ही त्यांना रडू दिले. श्राद्धाच्या दिवशी पाहुण्यांच्या पानांपुढे त्यांना तेवढीही सवड मिळाली नव्हती. बराच वेळाने आम्ही म्हणालो, ‘अगं, आज तुझा वाढदिवस.’ त्यावर त्या हसल्या, ‘अहो, मग आणखी एक पुडा आणा की.’

रविवारी भिमिलीच्या रस्त्यावरील तोटलकोंडा पाहिला. तेलुगूत ‘तोट्टी’ म्हणजे पाण्याची टाकी. खडकात कोरलेल्या टाक्यांवरून टेकडीस हे नाव मिळाले. दोन हजार वर्षांपूर्वी येथे बौद्ध भिक्षूंचा विहार होता. आता विटांची जोती उरली आहेत आणि खाली समुद्र. सिंहाचलम् राहिले. तेथील नृसिंहमूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते व अक्षय्य तृतीयेसच तिचे मूळ रूप दिसते. सौ.चे म्हणणे, जावयाचे तर त्याच दिवशी जावे.

परतीच्या गाडीत त्या आंब्याच्या जाड पोळ्यांचे पुडे मोजत होत्या. एक विहिणीस, एक शेजारी, दोन घरी. ‘पुढच्या वेळी,’ पुडे पिशवीत ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, ‘भिमिलीला दोन रात्री राहू. आणि ती रबरी पिशवी आणायची नाही. उगीच जागा अडवते.’