पंचवटीतील बालप्रश्नावली

नाशकास येणारा यात्रेकरू प्रथम रामकुंडावर जातो आणि तेथून काळारामाच्या दर्शनास. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्हीही तीच वाट धरली. सोबत आमचे चिरंजीव, वय वर्षे सहा. त्यांचे सध्याचे आराध्यदैवत स्पायडरमॅन. त्यामुळे पंचवटीतील सर्व स्थळांची परीक्षा त्यांनी त्याच मापाने केली.

तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले व त्यावरून गावास नाशिक हे नाव पडले, अशी आख्यायिका आम्ही सांगितली. चिरंजीव म्हणाले, "पण नाक कशाला कापायचं? जाळं टाकून बांधायचं की!" त्यांच्या मातोश्री तत्काळ मुलाच्या पक्षास मिळाल्या.

मग आम्ही मारुतीस पुढे केले. त्र्यंबकच्या रस्त्यावरील अंजनेरी हे त्याचे जन्मस्थान, अशी इकडे श्रद्धा आहे. शिवाय त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन' चित्रपटात त्याला आकाशात उडविले. अमेरिकेचा सुपरमॅन छापील पानावर अवतरला तो १९३८ साली. "तेव्हा आपला मारुती एकवीस वर्षांनी वडील," आम्ही विजयी मुद्रेने म्हणालो.

"पण त्याला त्याची शक्ती दुसऱ्यांनी आठवून द्यावी लागते ना? आई मला डब्याची आठवण करते तशी?"

काळारामाचे मंदिर मोठे देखणे आहे. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते काळ्या पाषाणात उभारले. दरवाजापाशी आम्ही १९३० सालची हकीकत काढली. त्या वर्षी २ मार्च रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेले हजारो लोक दर्शनाचा हक्क मागण्यास येथे आले. दरवाजे बंद होते. दादासाहेब गायकवाड आदींनी हा सत्याग्रह पुढे कित्येक वर्षे चालविला.

"दारं कोणी लावली? रामानं?"

"नव्हे, माणसांनी."

"कोणत्या?"

"आपल्यासारख्याच," आम्ही म्हणालो. उत्तर घशाशी थोडे अडखळले.

"आंबेडकरांना उडता यायचं?"

"नाही."

"भिंतीवर चढता?"

"नाही. ते पुष्कळ शिकले होते."

चिरंजीव विचारात पडले. "मग दार उघडलं?"

"तेव्हा नाही. पुढे कायदा झाला तेव्हा."

"आणि ते लोक कुठल्या दाराशी बसले होते?"

चारही दाराशी, असे सांगताच ती चारही पाहिल्यावाचून हलणार नाही असा हट्ट त्यांनी धरला. ऊन चढले होते. तरी बोट धरून आम्ही निघालो.