बाबांच्या आजोळी

वीकएण्ड म्हटलं की आमची गाडी लोणावळ्याकडेच वळते. या वेळी बाबांना घेऊन एडवण गाठलं, त्यांचं आजोळ. डहाणू लोकलने सफाळे, पुढे एसटी. आशापुरी देवीचं दर्शन घेऊन रिक्षाने दातिवऱ्याला गेलो, वैतरणेच्या मुखाशी. पलीकडे मराठ्यांनी १७३७ साली घेतलेला अर्नाळ्याचा किल्ला. मी फोटोंत गुंग. बाबा मात्र वाळत घातलेल्या जवळ्याकडे बघत होते.

"आजीबरोबर मीही असाच पसरायचो. सोसायटीत लोक नाक मुरडतील, म्हणून घरी कधी आणला नाही."

अठ्ठावीस वर्षांत मला हे माहीतच नव्हतं! अर्धा किलो जवळा घेतला. परतीच्या लोकलमध्ये वास सुटला. सुटू दे! तुम्हीही जा, पण आईबाबांना घेऊन.